बाची हाक, खोकल्यासकट

शाळा पुसेगावला. आमचे इंग्रजीचे सर असे बोलायचे की एक वाक्य संपेपर्यंत मधल्या सुट्टीची घंटा व्हायची. मी त्यांची नक्कल केली की मागचा बाकडा हसून लोळायचा. नववीत एकदा त्यांनी फळ्यावर 'व्हॅनिश' लिहिलं. नाहीसं होणं.

मी उठलोच. "सर, जादूगार कबुतर करतो तसं?"

"बस खाली, नकल्या. आता तसंच म्हणतात. पण शब्द लॅटिनमधला, फ्रेंचातून इंग्रजीत आला. मूळ वानुस, म्हणजे रिकामं. रिकामं होत होत विरून जाणं."

सुट्टीत मी हे चारदा सरांच्या आवाजात म्हणून दाखवलं. समजलं काहीच नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात आमचा बा गेला. मेला न्हाई, गेला. मेंढ्यांसाठी एडका बघून येतो म्हणून वाशिमकडं निघाला. कनेरगाव नाक्यावर एकानं त्याला चहा पिताना पाह्यलं, त्यानंतर तो कोणालाच दिसला न्हाई. ठाण्यात लिहून दिलं, सगळे पाहुणे पालथे घातले.

घरी चाळीस मेंढरं. मेंढरू आपल्या धन्याची हाक ओळखतं, दुसऱ्याच्या हाकेला हलत न्हाई. म्हणलं, हात्तिच्या, नकला करणं तर आपलं कामच. "हुर्र्र, येऽ येऽ!" एक कान हलला न्हाई. मग ध्यानात आलं. बा बिड्या ओढायचा, दोन 'येऽ'च्या मधी त्याला खोकला यायचा. मी खोकलो. सगळी उठून उभी.

आन् माय तव्यावरची भाकर सोडून पळत भाईर आली. "आले का?"

मला पाहून उंबऱ्यावरच बसली. म्हणली, "रोज अशीच हाक मार, लेकरा. तेवढं तरी राहू दे त्यांचं घरात."

रोज मारली. शाळा सुटली, हाक न्हाई सुटली. फाटक्या कानाची एक म्हातारी मेंढी व्हती. खोकला जरा चुकला की ती जागची हलायची न्हाई, मग मी पुन्हा खोकायचो. असल आवाज तिलाच बराबर ठाऊक व्हता. ती मेली. बाकीची सगळी मागून जन्मलेली, ती माझ्या शिंकेलाबी उठायची.

पुढं गावात मोबाईल आले. मी हाक भरून घेतली आन् ऐकली. बाची हाय की माझीच, समजंना. विचारावं तर मायला, पण धीर व्हयना.

एका सकाळी तीच म्हणली, "काहून खोकून राहिला रे रोज? दवाखान्यात दाखवून ये."

"माय, हा बाचा खोकला हाय."

तिनं हातातलं पीठ झटकलं. जरा इचार केला.

"त्यांना कुठं खोकला व्हता?"

मी वाघरीचं, मेंढरं कोंडायच्या जाळीचं, तोंड उघडलं. हाक मारलीच न्हाई. मेंढरं तशीच चालू लागली.