ई कोलै आणि सुंदरकाका

सुंदरकाका गेला, आणि त्याच्या पोटातले कोट्यवधी भाडेकरू एका दिवसात बेघर झाले.

रागावू नका. हे वाक्य त्याचंच आहे. "मी गेलो की फेसबुकवर असंच लिही," म्हणून गेल्या दिवाळीत मला बजावलं होतं.

काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. तंजावूरच्या कॉलेजात जन्मभर मायक्रोबायॉलॉजी शिकवली.

काही वर्षांपूर्वी आईला ताप आला. अँटिबायोटिक्सनी ताप गेला, पण पोट पार बिघडलं.
टेस्ट केली. लॅबमधल्या मुलीनं फोनवर रिपोर्ट वाचला, "ई कोलाय इरुक्कु, अम्मा."

आमची घरची भाषा मराठी, पण कान तमिळ. आणि तमिळमध्ये ई म्हणजे माशी, कोलै म्हणजे खून, इरुक्कु म्हणजे आहे.

आईनं फोन माझ्या हातात कोंबला.
"अय्यो! माझ्या पोटात माशीचा खून झालाय गे!"

जन्मात अंड्याला हात न लावलेली बाई. प्रायश्चित्त म्हणून जेवण बंद! दोन दिवस नुसतं पाणी. आधीच अंगात त्राण नाही, त्यात हे. डॉक्टर ओरडले, बाबांनी हात जोडले, मी रडले. ही ढिम्म.

शेवटी तिरुवैयारूहून काकाला बोलावलं. त्यानं रिपोर्ट वाचला आणि इतका हसला की चष्मा पडला.

"वैनी, कसली माशी न् कसला खून! ई. कोलाय म्हणजे आतड्यातले जंतू. तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्या पोटात असतात. एखादी जात वांड निघते, ती आजारी पाडते. तुमचे गरीब आहेत, लिहिलंय इथं. व्हिटॅमिन के करून देतात, परक्या जंतूंना जागा बळकावू देत नाहीत."

"म्हणजे मेलं कोणी नाही?"

"अजून तरी नाही. पण तुम्ही दोन दिवस उपाशी, म्हणजे तेही उपाशी. आता मात्र कोलै होईल हं. कोट्यवधींची!"

"आधी नाही का सांगायचं, भावजी!"

आईनं वाडगाभर दहीभात संपवला. वर आणखी मागितला.

तेव्हापासून रोज पहिल्या घासाला पोटावर हात ठेवून म्हणते, "जेवा रे बाळांनो." काका समोर असला की हसून हसून त्याला ठसका लागायचा.

काल त्याला पोचवून आलो. शेजारच्या मामींनी दहीभात पाठवला होता, पण कोणी हात लावेना.

आईच उठली. डोळे पुसले, पानं मांडली, वाढलं.
"तुमच्यासाठी नोको. आतल्यांसाठी जेवा. भावजी गेले त्या दिवशी या घरात कोलै नोको."

आम्ही रडत रडत हसलो. आणि जेवलो, सगळे.

काका, तुला पोटभर श्रद्धांजली.