एकाच शेडचे शर्ट

मुलुंडच्या आमच्या कंपनी कॉलनीतला इस्त्रीवाला माणसांना नावाने नाही, शर्टाने ओळखतो. माझ्या नवऱ्याला तो ‘तुटकं बटण’ म्हणतो. बोलणं भराभर, इस्त्री मात्र सावकाश. कॉलरवर शेडचा नंबर असलेले कंपनीचे युनिफॉर्मही त्याच्याकडेच असायचे.

एकदा त्याने मला नवऱ्याच्या शर्टावरची बारीक भोकं दाखवली. “वहिनी, मागच्या शेडचे सगळे शर्ट असेच येतात. ॲसिड गळतंय तिकडे. कापडाची ही वाट लागली, तर माणसाच्या छातीचं काय?”

नवरा त्याच शेडमध्ये होता आणि रोज खोकायचा. सुपरवायझरने इस्त्रीवाल्याला आधीच दम दिला होता, तोंड उघडलंस तर कंपनीचं काम बंद.

सरकारी साहेब तपासणीला आले, त्या सकाळी त्याने ते सगळे शर्ट गेटसमोर दोरीवर टांगले.

“उंदरांनी कुरतडलेत,” सुपरवायझर म्हणाला.

“उंदीर एकाच शेडचे शर्ट कसे ओळखतात, साहेब? नंबर वाचतात काय?”

शेड त्याच दिवशी बंद झाली. कंपनीचं कामही त्याच्या हातून गेलं. हल्ली कॉलनीतल्या बायका त्याला काहीही नेऊन देतात. काल मी टॉवेल नेले.

“टॉवेलला कोण इस्त्री करतं, वहिनी?”

“आमच्याकडे करतात,” मी म्हटलं.