कारखान्याची जागा आणि माझा पांढरा लेंगा

हसणार नसाल तरच सांगतो. बरं, हसा. त्या दिवशी अख्खं भिसेगाव हसलं, तुम्हालाच कशाला अडवू?

मी तेव्हा पोस्टात कारकून होतो आणि भिसेगावच्या व्हॉलीबॉल संघाचा कप्तान. आमच्याकडे संघ होता, जाळी होती, फक्त मैदान नव्हतं. आणि अशात कापड रंगवायच्या बंद पडलेल्या कारखान्याची जागा पंचायतीकडे आली. रंगाचं पाणी तिथं वर्षानुवर्षं मुरलेलं. या जागेचं काय करायचं ते लोकांनीच सांगावं, म्हणून तिथंच सकाळची सभा ठेवली. तालुक्याचे साहेब येणार होते.

माझ्या आड एकच व्यक्ती, बालवाडीच्या शांताबाई गायकवाड. त्यांची पोरं त्या जागेतून ये-जा करायची आणि पायांना खाज घेऊन घरी जायची. बाईंचं म्हणणं, आधी वरची हातभर माती उचला, चांगली माती टाका, मग काय हवं ते करा. म्हणजे आणखी वर्षभर थांबा! मला तर दिवाळीच्या आत जाळी बांधायची होती.

मग मी एक युक्ती काढली. माझी युक्ती म्हटल्यावर तुम्ही ओळखलंच असेल.

कडक इस्त्रीचा पांढरा लेंगा घातला, लोकांसाठी अंथरलेली सतरंजी नाकारली आणि सगळ्यांच्या पुढे, साहेबांच्या समोर, थेट मातीवर मांडी घातली. माती दवानं ओली होती. बुडाला गार लागत होतं, पण तत्त्वाचा प्रश्न होता ना? शांताबाई बोलत होत्या तोवर अर्धा तास हललो नाही.

माझी पाळी आली तसा ताडकन उठलो. तोंड साहेबांकडे, पाठ लोकांकडे.

"साहेब, अर्धा तास या मातीत बसलोय. झालंय मला काही?"

मागून हशा पिकला. वाटलं, सभा जिंकली! मला जोर चढला.

"कुठं काही खूण दिसते?"

आता तर लोक सतरंजीवर लोळायला लागले. एवढं प्रेम मला जन्मात कुणी दिलं नव्हतं. भरून आलं हो. आभार मानायला लोकांकडे वळलो आणि कमरेत वाकून नमस्कार केला.

मागे साहेबांच्या हातातला चहा सांडल्याचा आवाज आला.

शांताबाई शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, आसंच वाकून ऱ्हावा जरा. सायबांना लिवून घेऊ द्या."

हात मागे नेला. पुढे आणून बघतो तर पंजा जांभळा! लेंगा तर विचारूच नका. आधी लाज वाटली, मग मलाच हसू आवरेना. माती उचलण्याच्या बाजूनं हात वर करा म्हटल्यावर पहिला हात माझा होता, तोही जांभळा. पुढचे आठ दिवस पोस्टात उभ्यानं शिक्के मारले. खाज काय असते ते पोरांइतकंच मलाही कळलं.

वर्षभरानं मैदान झालं. पोशीरकडची छान तांबडी माती आली. पोरं अनवाणी धावत होती आणि बघून इतका आनंद झाला म्हणून सांगू! सगळे खाली बसले, मीही बसायला वाकलो. तेवढ्यात शांताबाई लगबगीनं खुर्ची घेऊन आल्या.

"भाऊ, तुमी वर बसा. माती नवी हाय, तुमचा रंग लागंल."