म्हशाच्या जत्रेतला मुका डायनासोर

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. तीन माणसं धसई गावातल्या एकाच टपरीवर वर्षानुवर्षं चहा प्यायली की ते आपोआप साचतात. आम्ही तिघं म्हणजे मी, मुरबाडला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा. बबन, मुरबाड-कल्याण जीपवाला. आणि किसन, भात आणि बैल यांच्यापलीकडे ज्याला जगात काही नको. आमच्याकडे साचलेले निम्मे किस्से डायनासोरचे आहेत. धसईत डायनासोर कुठून आला म्हणाल, तर म्हसा गावच्या, म्हणजे म्हशाच्या जत्रेतून!

*

आम्ही तेव्हा शाळेत होतो. जत्रेत तंबू टॉकीज लागला होता आणि त्यात डायनासोरचा पिक्चर, तोही हिंदीत. तंबूच्या मागे लगेच बैलबाजार. संध्याकाळचा खेळ. बराच वेळ नुसतं जंगल, झाडं हलतायत, माणसं दबकत चाललीयत. आणि मग तो आला! त्याने आ वासला आणि भोंग्यातून अशी डरकाळी निघाली की मागचे बैल दावी तोडून उधळले.

त्यातला एक खोंड थेट तंबूत घुसला. डायनासोर पडद्यावर उभा, आणि अख्खं पब्लिक खोंडाला घाबरून पळतंय!

बैलवाले काठ्या घेऊन तंबूवाल्याकडे गेले. "तुजं ते जनावर परत वरडलं तर आमचा बाजार उठंल!" शेवटी तोड निघाली. डायनासोरने तोंड उघडलं की मशीनवाल्याने आवाज बंद करायचा. माणसं बोलतील, गाड्या वाजतील, पाऊस पडेल, पण डायनासोर मुका.

*

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. डायनासोर आला, आ वासला, आवाज गुल. एवढं मोठं धूड आणि नुसती जांभई! लोक हसायला लागले. मला रडू यायचं बाकी होतं, कारण एका दिवसात माझा त्याच्यावर जीव जडला होता.

तेवढ्यात शेजारी बसलेल्या किसनने दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि पोटातून डरकाळी फोडली. अगदी वेळेवर! डायनासोरचं तोंड उघडलं तेव्हा सुरू, मिटलं तेव्हा बंद. पुढच्या वेळी डायनासोर यायच्या आधीच लोक मागे वळून ओरडले, "ए पोरा, तयार राह्य!" जत्रा उठेपर्यंत एकही खेळ किसनशिवाय झाला नाही.

बैल? ते नुसते कान टवकारून उठायचे आणि परत बसायचे. बैलवाल्यांनीही तक्रार केली नाही. करणार कशी, ते स्वतःच तंबूत पुढे बसलेले!

*

आमच्याकडे एक रीत आहे. जो पिक्चर बघून येईल, त्याने तो न गेलेल्यांना सांगायचा. सगळा, सुरुवातीपासून, पार्श्वसंगीतासकट. डायनासोरचा पिक्चर मी गावात किती जणांना सांगितला याचा हिशेब नाही. पण डरकाळीची जागा आली की मी थांबायचो. ती किसनची. तो गोठ्यात असो नाहीतर जेवत असो, उठून यायचा, डरकाळी द्यायचा आणि परत जायचा.

एकदा बबनच्या बापाला असाच सांगत होतो. म्हाताऱ्याने सगळं मन लावून ऐकलं. शेवटी विचारलं, "येवढं मोठं जनावर, आन् ही मानसं पळतात कशाला?"

"बाबा, खातो ना तो माणसाला!"

"ता ठीक हाय रे. पन येका जनावरात आख्ख्या गावाला मटनाचं वाटं पडतील, त्याचं काय?"

*

किसनसाठी मुलगी बघायला शहापूर तालुक्यात गेलो होतो, किन्हवलीच्या बाजूला. किसन मान खाली घालून बसलेला. पोहे झाले, चहा झाला, मुलीचा भाऊ सारखा किसनकडे निरखून बघतोय. आम्हाला वाटलं, काय ऐकलंय याने?

मग तो एकदम उठला आणि आत ओरडला, "यमुने, बाहेर ये गो! ह्यो म्हशाचा डायनासोर हाय!"

आतून बायकांच्या हसण्याचा आवाज आला. लग्न तिथेच ठरलं, बाकीची बोलणी नावापुरती. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा पन्नास माणसं एका सुरात म्हणाली, "होऊन जाऊ दे!" आणि नवरदेवाने हार हातात धरून डरकाळी दिली. यमुनावहिनी अजून म्हणते, "माझ्या लग्नात भटजीच पळाले, मी नाय पळाली."

*

गेल्या वर्षी किसनच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ होती, निघाली, धोका टळला. डॉक्टर म्हणाले, आवाज घोगरा होईल, पण बोला, बोलायलाच पाहिजे, नाहीतर आहे तोही जाईल.

किसन एकदा बोलला. वहिनीकडे पाणी मागितलं. तो आवाज त्याने स्वतः ऐकला आणि त्या दिवसापासून तोंड मिटलं ते मिटलंच. हाक मारायची तर टाळी. नको असेल तर हात. बैलांनासुद्धा नुसता पाठीवर हात लावून हाकायला लागला. टपरीवर यायचा, चहा प्यायचा, आमच्याकडे बघून हसायचा आणि निघून जायचा. आम्ही दोघं मग उगाच मोठमोठ्याने बोलायचो. फार वाईट दिवस होते ते.

वहिनी मला एकदा दुकानात येऊन म्हणाली, "भावोजी, घरात मानूस हाय आन् घर मुकं हाय. तुमी कायतरी करा."

*

आणि डायनासोरचा नवा भाग आला! बबनने कल्याणच्या मल्टिप्लेक्सची तीन तिकिटं काढली. किसनने हात हलवला: नको. तरी बबनने जीप त्याच्या दारात उभी करून हॉर्न वाजवला. किसन ओट्यावरून उठून गोठ्यात गेला. आम्ही दोघंच गेलो, मधली खुर्ची रिकामी.

आता पिक्चर कसा आहे? मला विचाराल तर मी दोन तोंडांनी बोलेन. डायनासोर काय केलेत! कातडीवरची सुरकुती दिसते, डोळ्यातलं पाणी दिसतं. एक मादी पिलाला शोधत नदी उतरते, तिथे मी चष्मा पुसला, खोटं कशाला बोलू. पण पहिल्या मिनिटापासून डायनासोर! आमचा तो उशिरा यायचा म्हणून त्याला मान होता. इथे ढिगाने येतात आणि ढिगाने जातात. हिरो चिखलातून पळतो आणि बूट कोरे. आणि डरकाळी तर दर दोन मिनिटांनी. एवढी मोठी की खुर्ची हादरते, पण आपल्याला ओरडायला जागाच ठेवलेली नाही!

पहिल्या डरकाळीला बबन सवयीने रिकाम्या खुर्चीकडे वळला. मीही वळलो होतो. मग आम्ही दोघं समोर बघत बसलो. परतीच्या वाटेवर मुरबाड आल्यावर बबन म्हणाला, "रीत हाय ना आपली? मंग जाऊन सांगायचा."

*

दुसऱ्या दिवशी चारच्या चहाला किसनच्या अंगणात गेलो. किसन ओट्यावर, वहिनी दारात तांदूळ निवडत, मागे गोठ्यात बैलजोडी. मी सांगायला सुरुवात केली. बबन संगीत देत होता, टोपलीवर बोटं वाजवून. मी हिरोचे कोरे बूट सांगितले, किसन खांदे हलवून हसला. मादीची नदी सांगितली, त्याने मान खाली घातली.

मग शेवटची मारामारी. "सगळे पळाले. धूर. मादी एकटी उभी. समोर तो दुसरा, दुप्पट मोठा. तिने मान वर केली, आणि तोंड उघडलं..."

आणि मी थांबलो.

बबनची बोटं टोपलीवर थांबली. वहिनीचा हात सुपात थांबला. किसनने माझ्याकडे बघितलं, मान हलवली: नाही. त्याने बबनला हाताने खूण केली: तू कर. बबन आभाळाकडे बघायला लागला. चहावर साय धरली. मला वाटलं, उठावं, माफी मागावी, आपण मित्राला उगाच छळतोय.

किसनने दोन्ही हात तोंडाभोवती धरले.

जे निघालं ते जत्रेतलं नव्हतं. फाटकं, खरखरीत, तळातून खरवडून काढल्यासारखं. मध्येच तुटलं, त्याने श्वास घेतला आणि परत लावलं. मी आयुष्यात असा आवाज ऐकलेला नाही.

मागे गोठ्यात काहीतरी कडाडलं. वहिनी सूप टाकून धावली आणि तिथूनच ओरडली, "अहो, दावं तोडलंन् बैलाने! दोघंपन सुटले!"

किसन ओट्यावरून उडी मारून पळत सुटला, आणि पळता पळता त्या फाटक्या आवाजात सगळ्या गावाला ऐकू जाईल असा ओरडला, "धरा रे! बैल धरा!"