बीबीच्या गोदामाचे मालक

मी कस्टम ब्रोकर आहे. व्यापाऱ्यांचा माल परदेशी पाठवण्याची कागदपत्रं करतो. व्यापारी दिलेल्या पत्त्यावर खरंच आहे का, हे तपासणं माझी जबाबदारी. त्यात चुकलं तर दंड होतो, परवानाही जातो.

एका नव्या ग्राहकाचे कागद चोख होते, तरी पत्ता पाहायला मी बीबी गावी गेलो. गोदामाला कुलूप, वर नवी पाटी. जागेचे मालक स्कूटरवरून आले. टोपी काखेत धरून त्यांनी कुलूप काढलं आणि आधी मला आत जाऊ दिलं. आत नुसती धूळ.

"पाटी लावली, फोटो काढले अन् गेले. माल कधी उतरलाच नाही."

"हे मला सांगून तुमचा भाडेकरू जाईल की."

"तो जाईन तं जाईन. त्याच्यापायी तुमचं लायसन काऊन जाऊ देऊ?"

नाव विचारलं, तर हसले. "गोदाम पाह्यलं न? मंग माह्यं नाव कायले?"

मी सावध करूनही तो ग्राहक दुसऱ्या ब्रोकरने घेतला. आता त्या ब्रोकरच्या परवान्यावर सुनावणी चालू आहे. कस्टम खात्याची नोटीस कायद्यातली मुदत उलटल्यावर आली, एवढ्याच मुद्द्यावर त्याची आशा आहे. माझ्या ऑफिसचं शटर सकाळी वर जातं, तेव्हा मला ते मालक आठवतात.