सुनेला काय जमत नाही?

...तर ती गाडीच्या दाराची गोष्ट काल अर्धीच राहिली. उभ्या गाडीतल्या माणसानं मागं न बघता दार उघडलं, आमची सून सायकलसकट त्या दारावर, आणि तिथून डोकं थेट फुटपाथच्या कडेवर. रक्त नाही, टाके नाहीत. इस्पितळात डोक्याचा फोटो काढला, तोही नितळ. शेजारीण म्हणाली, "नशीब थोर, काहीच झालं नाही!" इथंच तर घोळ झाला. हात मोडला असता तर प्लास्टर तरी दिसलं असतं.

सून चष्म्याच्या दुकानात काचा बसवते आणि नोकरी सांभाळून विद्यापीठाची पदवी करते आहे. हातांना काही झालेलं नाही. तिळाएवढा स्क्रू अजून पहिल्या झटक्यात बसवते. पण वाचायला बसली की दुसऱ्या पानावर ओळी एकमेकींच्या अंगावर चढतात, म्हणते. मागच्या परीक्षेत हॉलमध्ये कुणी खोकलं, कुणाची खुर्ची करकरली, पर्यवेक्षक बूट वाजवत फिरले. अर्धा पेपर कोरा ठेवून बाई घरी. पुन्हा तसंच झालं तर नावच कमी होणार होतं. तिला हवं काय, तर एक शांत खोली आणि थोडा जास्त वेळ.

आमच्या गावच्या शाळेत डोक्यावर डस्टर बसला की अक्कल वाढते, असं मास्तर मानायचे. त्या हिशेबानं मी आज न्यायाधीश असायला हवा होतो! पण डोक्याच्या आत नेमकं होतं काय, याचं कुतूहल मला तेव्हापासूनचं.

विद्यापीठात अशा मुलांना मदत करणारं एक ऑफिस आहे. तिथल्या बाईंनी इस्पितळाचा कागद वाचला आणि म्हणाल्या, "मार लागला, हे कळलं. पण त्यामुळे तुम्हाला काय जमत नाही, ते तज्ज्ञांकडून लिहून आणा." मला गंमतच वाटली. जन्मभर माणूस काय जमतं याचे दाखले गोळा करतो. हा उलटा दाखला मी पहिल्यांदाच ऐकला.

मग मेंदूची तपासणी करणाऱ्या बाईंकडे आम्ही तिघं गेलो: सून, तिची आई, म्हणजे माझ्या विहीणबाई, आणि मी. मला खरं तर कुणी बोलावलं नव्हतं. पण एवढी नवलाई सोडून मी घरी थोडाच बसतो!

सुनेला आत नेलं. ठोकळे जुळवायला दिले, शब्द ऐकवून परत म्हणायला लावले, आकडे उलटे विचारले. मधल्या सुट्टीत ती बाहेर आली ती खुशीत.

"बाबा, बरंच बरोबर आलं."

"अगं पोरी, इथं पास झालीस तर तिथं नापास होशील!"

तिचा चेहरा पडला. "म्हणून काय मुद्दाम चुकू? ते नाही जमायचं मला."

"मग हेच सांग त्यांना, की एवढं एक जमत नाही."

थोड्या वेळानं आम्हालाही आत बोलावलं. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "या बंद खोलीत एकेक काम दिलं की यांचं छान चालतं. घरी, चार माणसांत काय अडतं, ते तुम्ही सांगा."

विहीणबाईंनी पर्स मांडीवर घट्ट धरली. "काही म्हणजे काही अडत नाही हो. स्वयंपाक, दुकान, अभ्यास, माझी मुलगी सगळ्यात पुढे."

"विसरतात का?"

"छे!"

"थकतात?"

"दिवसभर उभी असते. नाव ठेवायला जागा नाही."

उत्तरं तपासणाऱ्या बाईंना, पण विहीणबाईंचे डोळे माझ्यावर. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. कुठली आई सासऱ्यासमोर लेकीची उणीव बोलून दाखवेल? इकडे समोरचं पेन भराभर चाललेलं, आणि सून मान खाली घालून बसलेली. शांत खोली हातची चालली होती.

मी म्हणालो, "विहीणबाई, मुलगी पसंत आहे आम्हाला. आता परत पाठवायची म्हटली तरी तीच जायची नाही. बोला बिनधास्त."

त्या आधी हसल्या, मग डोळे भरले, मग धरण फुटलं. "परवा फोनवर मलाच विचारते, आई, आपण काय बोलत होतो? एकदा नाही, पुन्हा पुन्हा!"

मी मागे का राहू? "दूध उतू जाताना समोर उभी राहून बघते. गॅस बंद करायचा, हे सुचायलाच वेळ लागतो."

"बाजारातून रिकाम्या हातानं आली! दुकानात गाणी लावली होती म्हणे."

"कामावरून आली की पडदे ओढून पडते, ते जेवायलासुद्धा—"

"तुम्हाला काय माहीत, माझ्याजवळ रडते ती!"

"अहो, घरात राहतो कोण, तुम्ही की मी?"

समोरच्या पेनानं कुणाच्या मागे धावावं, हेच त्याला कळेना.

अहवाल मिळाला, आणि खोलीही मिळाली. पण विद्यापीठाला पटलं ते वाक्य ना माझं, ना विहीणबाईंचं. आम्ही दोघं असे रंगात आलो असताना तपासणाऱ्या बाईंनी सुनेला विचारलं, "हे म्हणतात ते सगळं खरं आहे का?" तिनं आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघितलं. ती जे म्हणाली, ते बाईंनी जसंच्या तसं उतरवून घेतलं:

"खरं असेल, पण मला नाही सांगता यायचं. हे दोघं एकदम बोलायला लागल्यापासून मला एकाही वाक्याचा अर्थ लागलेला नाही. तुम्ही आत्ता काय विचारलंत, तेही मी अंदाजानंच ओळखलं."