डबलबेलचा नंबर

आमच्या रुग्णालयाचं टेलिफोन एक्स्चेंज ज्या बाई सांभाळतात, त्यांना सगळे एक्स्चेंजताई म्हणतात. मी त्यांच्या शेजारी, चौकशीच्या खिडकीत बसते. दोघींच्या मधे एक काच आहे आणि त्या काचेला एक सरकती फट आहे. त्या फटीतून आमचा चहा, बिस्किटं, कंबरदुखीच्या गोळ्या आणि सगळ्या इमारतीच्या उखाळ्यापाखाळ्या इकडून तिकडे जातात. तेव्हा ताईंबद्दल सांगायचा माझ्याइतका हक्क कुणाला नाही, आणि मी त्यांची भीडभाडही ठेवणार नाही.

ताईंचा आवाज म्हणजे दुधावरची साय. एक नवे डॉक्टर फोनवर तो आवाज ऐकून असे विरघळले, की एकदा मुद्दाम खाली बघायला आले. ताई तेव्हा चष्मा कपाळावर चढवून, पाय स्टुलावर टाकून शिपायाला झापत होत्या. डॉक्टर आल्या पावली जिना चढून गेले. माणसांची नावं ताई विसरतील, फोनचे नंबर कधी विसरायच्या नाहीत. आमच्या अधीक्षकांना त्या पाठीमागे ‘दोनशे एक’ म्हणतात आणि स्वयंपाकघरातल्या मुकादमाला ‘तो आचरट चारशे नऊ’.

त्यांचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, शहर बसचे ड्रायव्हर होते. गेल्या वर्षी निवृत्त झाले. माणूस अबोल. विचाराल त्याला मान हलवून उत्तर. ताईंची त्याबद्दल कधी तक्रार नव्हती. ‘दिवसभर लोकांची कटकट कानाला लावून बसते मी, घरात एक तरी मुका माणूस बरा,’ असं त्या म्हणायच्या. संसार सुरळीत चालला होता. मग भाऊजींच्या मोबाइलवर तो फोन यायला लागला.

फोन कसला, दोनदा वाजायचा आणि बंद पडायचा.

‘दोन रिंगा झाल्या की हे उठतात,’ ताई फटीला तोंड लावून सांगत होत्या. ‘भांग पाडतात, बूट घालतात, जाऊन येतो म्हणतात. आणि परत येतात ना, तेव्हा हसत असतात गं! जिन्यात ऐकू येतं मला. दार उघडलं की तोंड बंद.’

‘विचारा की कुणाचा फोन असतो ते.’

‘विचारलं. म्हणे, आहे ओळखीतलं.’

‘नंबर सेव्ह नाही केलेला?’

‘नाही ना! जो नंबर पाठ असतो तो कशाला कोण सेव्ह करेल? माझा केलाय, बघितला मी. काय नाव घातलंय माहितीये? हॉस्पिटल!’

मला हसू आवरलं नाही. ताईंनी फट धाडकन बंद केली आणि त्या दिवशी चहा आला नाही.

पण त्यांची जळफळ मला काचेतून स्पष्ट दिसत होती. प्रसूतीचा फोन गॅरेजला जोडला, गॅरेजचा रक्तपेढीला. मधेच मला म्हणाल्या, ‘एवढी वर्षं मला वाटलं, या माणसाला हसताच येत नाही. तशीच घडण असेल म्हणून सोडून दिलं. आता कळतंय, येतं हसता. फक्त माझ्यासमोर येत नाही.’ मग हेडफोन चढवून कुणाला तरी सायीच्या आवाजात ‘जोडून देते हं’ म्हणाल्या.

अनोळखी नंबरचं नाव दाखवणारं अ‍ॅप माझ्या फोनमध्ये आहे. ज्याने त्याने आपल्या फोनात त्या नंबरपुढे जे नाव लिहिलेलं असतं, तेच त्यात दिसतं. मी हे बोलून गेले मात्र, ताई फटीतून हात घालायच्या तेवढ्या बाकी राहिल्या. नंबर त्यांनी पाढे म्हणावेत तसा घडाघडा सांगितला. पडद्यावर गोल फिरलं, थांबलं आणि खाली नाव आलं: डबलबेल.

‘हे काय नाव झालं?’ मी म्हटलं.

ताईंचा चेहरा मात्र उजळला. ‘अगं, एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. ड्रायव्हरच्या बायकोला सांगायला नको. कंडक्टर आहे मेला कुणीतरी! म्हणून दोनच रिंगा देतो. फोनवरूनसुद्धा बस सोडतोय बघ!’

दोन दिवस ताई खुशीत होत्या. स्वतःच्या डब्यातली भाजी मला दिली, चारशे नऊशीसुद्धा नीट बोलल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा फट सरकली.

‘कंडक्टरला भेटायला माणूस भांग कशाला पाडेल गं?’

मी काय सांगणार कपाळ! संशयाला एकदा घरात जागा दिली की तो पाय पसरणारच. ताई आता भाऊजींच्या शर्टांचा वास घेत होत्या. त्यांच्या खिशात बसचं तिकीट सापडलं, तर जन्मभर बसमध्ये घालवलेला माणूस निवृत्तीनंतर बसने जातो कुठे, म्हणून तासभर हुज्जत. हुज्जत अर्थात माझ्याशी. भाऊजींपुढे आता तोंडातून शब्द काढायची छाती नव्हती, कारण विचारलं आणि त्यांनी खरं सांगितलं तर पुढे काय, याची ताईंना धास्ती होती. नवरा आपला आहे की नाही एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर त्यांना हवं होतं आणि नकोही होतं.

अशात भाऊजींची कंबर धरली. पलंगावरून उठवेना. ताईंनी त्यांना तेल लावलं, गरम पाण्याची पिशवी दिली आणि ‘याचा आवाज नीट येत नाही, दुकानात दाखवून आणते’ अशी थाप मारून त्यांचा मोबाइल पर्समध्ये घालून कामावर आल्या.

दुपारी पर्स वाजली. दोन रिंगा, बंद. थोड्या वेळाने पुन्हा दोन. मग पुन्हा.

‘जीव चाललाय नुसता भेटायला,’ ताई म्हणाल्या. त्यांनी हेडफोन नीट बसवला, मला ऐकू यावं म्हणून स्पीकरचं बटण दाबलं आणि एक्स्चेंजच्या लाइनवरून तो नंबर फिरवला. आपण कोण ते सांगायचं नाही, फक्त आवाज ऐकायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

पलीकडून उचलला गेला. ‘हॅलो?’

बाईचा आवाज. जाडा, खर्जातला, पण बाईचा.

ताईंचा चेहरा पांढरा पडला. आणि इथेच त्यांच्या जिभेने दगा दिला. कानाला हेडफोन आणि पलीकडून हॅलो, की ती जीभ जन्मभर जे म्हणत आली तेच म्हणाली. रुग्णालयाचं नाव घेऊन, सायीच्या आवाजात, ‘नमस्कार, रुग्णालयातून बोलतेय.’

मग तो जाडा आवाज फाटल्यासारखा आला. ‘रुग्णालय? काय झालं त्यांना? अहो, काय झालं ड्रायव्हरसाहेबांना? तरी मी म्हणते, येत का नाहीत!’

ताईंनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. लाइन तोडली.

‘ताई, हे काय केलंत! सांगा तिला, काही झालेलं नाही म्हणून. लावा परत!’

‘कळू दे,’ ताई म्हणाल्या. ‘जरा तिलाही जळू दे.’

मी चिडले. स्वतः लावणार होते, तेवढ्यात खिडकीशी एकदम झुंबड उडाली आणि माझ्या हातून ते राहून गेलं. तासाभरात त्याच गर्दीच्या मागून आवाज आला, ‘पुढे सरका, पुढे सरका, वाट द्या!’ आमची गर्दी कुणाचं ऐकत नाही, शिपायांचं तर नाहीच. त्या आवाजाला मात्र निमूट दुभंगली. ठेंगणी, रुंद बाई. घरातलेच कपडे, ओले केस तसेच सोडलेले, खांद्यावरून आडवी घेतलेली जुनी पिशवी. दिसायला म्हणाल तर चारचौघींसारखी, त्याहून उणीच.

तिने भाऊजींचं नाव सांगितलं, त्यांच्या वडिलांचं सांगितलं, वर बिल्ला नंबरही सांगितला. ‘कुठे ठेवलंय? शुद्धीवर आहेत का?’

आता मला सगळं माहीत होतं. तरी माझीही जीभ ताईंच्याच जातीची. बाहेर पडलं ते रोजचंच, ‘पेशंटच्या तुम्ही कोण?’

बाई थबकली. तिने खांद्यावरची पिशवी पुढे ओढून घेतली.

‘कोणी नाही,’ ती म्हणाली. ‘म्हणजे कामाला एकत्र होतो. ते पुढे, मी मागे. सगळी नोकरी.’

काचेपलीकडे एक्स्चेंजचे दिवे लुकलुकत होते आणि ताईंची खुर्ची रिकामी होती. कामाच्या वेळेत ती रिकामी मी कधी पाहिली नव्हती. ताई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

‘मी त्यांची बायको,’ त्या म्हणाल्या. ‘ते घरी आहेत. कंबर धरलीये फक्त. मघाचा फोन मीच केला होता.’

मला वाटलं, आता जुंपणार. त्या बाईने आधी डोळे मिटले, ‘बरं झालं, बरं झालं’ म्हणत भिंतीजवळच्या बाकावर बसली आणि दोन्ही हातांत तोंड घालून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, ‘असा फोन करतं का हो कुणी? वाटेत काय काय आलं मनात!’

‘चुकलं माझं,’ ताई कोरडेपणाने म्हणाल्या. ‘पण तुम्ही दोघं भेटून करता तरी काय?’

‘काय करणार? आमच्या जुन्या मार्गावरच्या बसमध्ये बसतो. ते ड्रायव्हरच्या मागे, मी मागच्या दाराशी, आपापल्या जागी. शेवटच्या थांब्यापर्यंत जातो आणि परत येतो. नव्या ड्रायव्हरने ब्रेक कसा मारला, नव्या कंडक्टरने बेल कशी उशिरा दिली, उतरल्यावर त्यांच्या नकला करतो. बस्स, एवढंच.’

‘मग मला का नाही सांगितलं त्यांनी? मला का नाही नेलं कधी?’

बाई ओशाळली. ‘मी म्हटलं होतं त्यांना. म्हणाले, तिला बस लागते.’

ते खरंच होतं. ताईंना बस लागते. लग्नानंतर एकदाच त्या भाऊजींच्या बसमध्ये बसल्या आणि दोन थांब्यांतच तोंडाला रुमाल लावून उतरल्या. पुन्हा कधी त्या बसमध्ये चढल्या नाहीत.

ताईंनी तिला पाणी दिलं, भाऊजींचा मोबाइल आपल्याकडे आहे, तो परत घरी जाईल म्हणून सांगितलं. बाई गेली. ताई खुर्चीत येऊन बसल्या, पण हेडफोन घालेनात. बोर्डावर सगळ्या लाइनी वाजत होत्या. लफडं असतं तर ताईंना भांडता आलं असतं, केस धरता आले असते, माहेरी जाता आलं असतं. आता कुणाशी भांडणार? मी फट सरकवली.

‘सुटलात ना ताई? तसलं काही नाही निघालं.’

‘हो,’ त्या म्हणाल्या. ‘ऐकलंस ना, मी रुग्णालय म्हटल्यावर काय म्हणाली ती?’

‘घाबरली बिचारी.’

‘कोण बोलतंय, कशासाठी, काही नाही. काय झालं त्यांना, एवढंच. त्याचाच हेवा वाटतोय मला, दुसऱ्या कशाचा नाही.’ ताई दिव्यांकडे बघत होत्या. ‘यांच्याबद्दल असा फोन मला आला असता ना, तर मी आधी वॉर्ड नंबर विचारला असता.’